बघू

दिवाळीला आठ दिवस होते. नवरा स्टुलावर चढून माळ्यावरची पितळी भांडी खाली देत होता, सासूबाई ती चिंचेने घासायला एका बाजूला लावत होत्या आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसले होते.

"अगं, तुझं काय चाललंय?"

"साफसफाईच करतेय, आई."

खोटं नव्हतं. ब्राउझरच्या वाचन यादीत माझे ४१२ लेख साठले होते. आमच्या ब्राउझरला नको तिथे चोख हिशेब ठेवायची सवय आहे. यादीचे त्याने दोन कप्पे केलेत. 'न वाचलेली' पानं ४०३ आणि 'वाचलेली' ९. एका लेखाला सरासरी आठ मिनिटं धरली तर जवळजवळ ५४ तासांचं वाचन बाकी. रोज अर्धा तास बसले तरी साडेतीन महिने जातील, आणि तेही मधे एकही नवा लेख ठेवला नाही तर.

'नंतर वाचू' हा आजार माझ्या एकटीचा नाही. २००७ साली फायरफॉक्स या ब्राउझरला जोडायची एक सोय आली, तिचं नावच मुळी 'रीड इट लेटर' होतं. २०१२ मध्ये तिचं बारसं पुन्हा झालं आणि ती 'पॉकेट' झाली. २०२५ च्या ८ जुलैला ती बंद पडली. बंद होण्याआधी तुमच्या दुव्यांची फाइल उतरवून घ्या, असं त्यांनी कळवलं होतं. मी लगेच उतरवून घेतली. ती फाइल अजून डाउनलोड्समध्ये आहे, न उघडलेली. वर सांगितलेल्या ४१२ मध्ये ती धरलेली नाही.

मी तळापासून सुरुवात केली. २०२० चा थर लगेच ओळखू आला. घरच्या घरी यीस्ट, डालगोना कॉफी, पल्स ऑक्सिमीटर बोटाला कसा लावावा, भाज्या साबणाने धुवाव्यात का. तेव्हा जीव मुठीत धरून ठेवलेली ही पानं न वाचताच उडवली. आपण निभावलो, आता कशाला.

त्याच्या वर एकच लेख पुन्हा पुन्हा भेटत राहिला. आयकराची जुनी पद्धत बरी की नवी? नवी पद्धत २०२० च्या अर्थसंकल्पात आली. तेव्हापासून दर फेब्रुवारीत या विषयावरचा एक लेख मी नेमाने ठेवलाय, आणि दर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सीएंना फोन करून तोच प्रश्न विचारलाय. २०२५ मध्ये विवरणपत्राची मुदत सप्टेंबरपर्यंत वाढली, म्हणून फोनही सप्टेंबरमध्ये केला. सहाही लेख 'न वाचलेली'मध्ये.

इथे मला एक गोष्ट उमगली. आपल्याकडे कुणी म्हणालं, "येत्या रविवारी या ना घरी," आणि आपल्याला जायचं नसलं, तर आपण नाही म्हणत नाही. आपण म्हणतो, "बघू." बोलावणाऱ्याला त्याचा अर्थ नेमका कळतो आणि आपल्याला वाईटपणा येत नाही. माझी वाचन यादी ही अशा ४०३ 'बघूं'ची यादी आहे. लांबलचक, चांगला, आपल्या भल्याचा लेख समोर येतो. वाचायचा कंटाळा असतो आणि पान बंद करायची लाज वाटते. मग 'यादीत ठेवा' दाबायचं. लेखाचा मान राहतो, आपली सुटका होते. मी त्या लेखांना गेली पाच-सहा वर्षं फक्त दारापर्यंत पोचवत होते.

हे कळल्यावर हात भराभर चालायला लागला. मधुमेह नसताना ठेवलेले मधुमेहावरचे सहा लेख गेले. जपानी माणसं कपड्यांच्या घड्या कशा घालतात, हेही गेलं (ते नवऱ्यासाठी ठेवलं होतं, त्याला दाखवायचंच राहिलं). काही पत्त्यांच्या शेपटाला 'एफबीक्लिड' आणि पुढे अक्षरांची माळ. म्हणजे हे फेसबुकवरून आलं होतं, आणि बहुतेक कुणावर तरी रागावून ठेवलं होतं. कुणावर ते आठवेना. उडवलं.

अडले ते खापरोळ्यांपाशी. नारळाच्या रसात बुडवलेल्या, केशर-वेलचीच्या. २०१६ साली एका बाईंनी कोकणातल्या आपल्या आजीची कृती लिहिली होती. दुवा दाबला तर तिथे कसल्याशा ऑनलाइन रमीची जाहिरात. २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी सापडत नाहीत, असं अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मोजून सांगितलं होतं. ती बातमी मी वाचली होती. खरोखरच वाचली होती, त्या नऊंपैकी एक. मग जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या, मेलेल्या पानांची स्मशानवही म्हणावी तशा वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता टाकला. कृती मिळाली! फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी, पण तांदूळ किती, उडीद डाळ किती, सगळं होतं. ती मी पेनाने वहीत उतरवून घेतली. यादीवर आता माझा विश्वास नाही.

आणि एक लेख बसून पूर्ण वाचला. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या, कातळशिल्पांचा, २०१८ सालचा. कशेळीला जांभ्या दगडात १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलाय आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी. या शिल्पांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. म्हणजे मी लेख ठेवला आणि वाचला, या दोन्हींच्या मधे युनेस्कोचंसुद्धा काम पुढे सरकलं.

तेवढ्यात माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली आला. बिस्किटांचा, कडा गंजलेल्या. आत सासऱ्यांची कात्रणं. अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. दाढीच्या ब्लेडने सरळ कापलेले कागद, समासात निळ्या शाईत तारीख. 'उर्वरित पान ७ वर' असलेल्यांना तो सातव्या पानाचा तुकडा टाचणीने जोडलेला, टाचणीचा तांबूस डाग दोन्ही कागदांवर उमटलेला. मूतखडा, गुलाबाची कलमं, पोस्टाच्या योजना, क्रिकेट. जवळजवळ प्रत्येकात कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदाखाली तांबड्या पेनाची रेघ. लेख कुठे संपतो ते कळल्याशिवाय कापायचं कुठून? अण्णा आधी वाचत आणि मग ठेवत. मी मथळा बघून ठेवते.

एक कात्रण मी उलटवलं. मागे साड्यांच्या सेलची अर्धी जाहिरात, एका बाईचा नुसता खांदा आणि पदर.

नवरा स्टुलावरून घाम पुसत म्हणाला, "आई, हे रद्दीत द्यायचं ना? मूतखडा तर कुणालाच नाहीये."

सासूबाईंनी चिंचेचे हात पदराला पुसले. माझ्या हातातलं कात्रण घेऊन डब्यात सरळ ठेवलं, झाकण दाबून बसवलं आणि डबा त्याच्याकडे वर धरला.

"बघू," त्या म्हणाल्या.