हेमाडगा ते कणकुंबी : भीमगडच्या रानात मुलांसह दोन रात्री

बेळगावहून सुट्टीसाठी निघणारी बहुतेक कुटुंबे जांबोटी आणि कणकुंबी ओलांडून चोर्ला घाट उतरतात आणि गोवा गाठतात. त्या रस्त्याच्या डाव्या हाताला खानापूर तालुक्याचे जे घनदाट रान पसरलेले आहे, त्याकडे मीही अनेक वर्षे गाडीच्या काचेतूनच पाहिले होते. डिसेंबर 2011 मध्ये या रानाला भीमगड वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 190 चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि दक्षिणेला दांडेलीची जंगले असल्यामुळे प्राण्यांच्या दृष्टीने हा सलग पट्टाच आहे. यंदा संक्रांतीच्या आधीचे तीन दिवस आम्ही या रानासाठी राखून ठेवले. आम्ही पाच जण होतो: मी, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आईने सत्तरी ओलांडली आहे आणि तिचे माहेर जांबोटीजवळचे आहे.

पहिली रात्र हेमाडगा येथील वनखात्याच्या शिबिरातील तंबूत आणि दुसरी रात्र अभयारण्याबाहेर, माझ्या मामेभावाच्या शेतात, स्वतःच्या तंबूत असा बेत आखला होता. हा फरक सुरुवातीलाच स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. अभयारण्याच्या हद्दीत मोकळी जागा दिसली म्हणून कोणालाही तंबू ठोकता येत नाही. आत राहायचे असेल तर वनखात्याच्या शिबिरात आगाऊ नोंदणी करूनच राहावे. स्वतःचा तंबू लावण्याची हौस असेल तर हद्दीबाहेरच्या गावात, शेताच्या मालकाची परवानगी घेऊन ती भागवावी. नदीकाठी गुपचूप तंबू लावून राहिल्याच्या गोष्टी काही जण कौतुकाने सांगतात. मुलांना सोबत नेणाऱ्यांनी त्या मुळीच मनावर घेऊ नयेत.

बेळगाव ते खानापूर हे अंतर सुमारे 26 किलोमीटर आहे. पेट्रोल, औषधे, रोख पैसे आणि पिण्याचे पाणी यांची सोय खानापुरातच करून घ्यावी, कारण पुढे यांपैकी कशाचीही खात्री देता येत नाही. खानापूरहून हेमाडग्याकडे जाणारा रस्ता मणतुर्ग्याजवळ हलात्री नदीवरील पूल ओलांडतो. पावसाळ्यात हा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो, हे वृत्तपत्रांतून आपण दरवर्षी वाचतोच. जानेवारीत मात्र तेथे गुडघाभर स्वच्छ पाणी होते. अभयारण्यातील आमगावची गणना कर्नाटकातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत होते, त्यामुळे कुटुंबासह जायचे असेल तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. दिवस मावळण्यापूर्वी शिबिरावर पोहोचावे. त्यानंतर या रस्त्यावर गवे येतात आणि वळणापलीकडे उभा असलेला गवा दिव्यांच्या प्रकाशात फार उशिरा दिसतो.

त्याच संध्याकाळी वनखात्याच्या वाटाड्यांसोबत गवताळ माळाच्या कडेपर्यंत गेलो. ते याच भागातील एका वाडीचे असल्यामुळे आमच्याशी मराठीत बोलत होते आणि मुलांनी पहिल्या पाच मिनिटांतच त्यांना मामा म्हणायला सुरुवात केली होती. माळाच्या पलीकडच्या टोकाला सात गवे चरत होते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या घरात जाऊ शकते हे पुस्तकात वाचलेले होते, परंतु ते काळे, तुकतुकीत शरीर आणि गुडघ्याखालचे पांढरे मोजे प्रत्यक्ष पाहिल्यावर माझा मुलगा माझ्या पायाला चिकटून उभा राहिला. कळपातील मोठा नर आमच्याकडे तोंड करून न थांबता आडवा उभा राहिला आणि त्याने नाकातून मोठा फुत्कार सोडला. हा त्याचा इशारा असतो, आपले आकारमान दाखवून तो समोरच्याला मागे सरायला सांगतो, असे मामांनी हळू आवाजात समजावले, आणि आम्ही पाठ न वळवता दहा-बारा पावले मागे आलो. गवा शांत दिसतो म्हणून छायाचित्रासाठी पुढे सरकणारे लोक मी आंबोलीकडे पाहिलेले आहेत. तसे कधीही करू नये.

आमच्या सहलीचे खरे सार दुसऱ्या दिवसाच्या पहाटेत होते. आदल्या रात्री जेवताना आईने मामांना विचारले होते, ‘सध्या कुठले झाड फळावर आहे?’ कोणता प्राणी कुठे दिसला हे सगळेच विचारतात. झाडाविषयी विचारणारे क्वचितच भेटतात, असे ते म्हणाले आणि पहाटे त्यांनी आम्हाला शिबिरापासून वीस मिनिटांच्या अंतरावरील एका जुन्या नांद्रुकाखाली नेले. झाड बारीक, पिकलेल्या फळांनी लगडलेले होते. पावणेसातला, उजाडण्यापूर्वीच, आम्ही समोरच्या उतारावर चटई अंथरून बसलो आणि साडेनऊपर्यंत तेथून हललो नाही. बोलायचे नाही, हात उंचावून बोट दाखवायचे नाही, दिसलेल्या पक्ष्याचे नाव वहीत लिहायचे, एवढेच नियम मुलांना सांगितले होते.

पहिला अर्धा तास केवळ दव टपकण्याचा आवाज येत होता. मग बुलबुल आले, तांबटांची टुक्टुक् सुरू झाली आणि हरियलांचा थवा उतरला. हरियल पानांच्या रंगाशी इतके एकजीव होतात की हललेल्या फांदीवरूनच त्यांचा पत्ता लागत होता. साडेसातच्या सुमारास कोणीतरी खदखदून हसावे तसा आवाज आला आणि मलबारी राखी धनेशाची जोडी शेंड्यावर येऊन बसली. हा धनेश केवळ पश्चिम घाटातच आढळतो आणि त्याच्या चोचीवर मोठ्या धनेशासारखा उंचवटा नसतो. चोचीच्या टोकात फळ धरून ते हवेत उडवायचे आणि घशात झेलायचे ही त्याची रीत मुलीने दुर्बिणीतून इतक्या वेळा पाहिली की पुढे ती फळे मोजू लागली. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ चिणून घेते आणि फटीतून नर तिला व पिलांना भरवतो. विणीच्या काळात नराचे बरेवाईट झाले तर पूर्ण घरच धोक्यात येते, हे मामांनी सांगितले तेव्हा मुलगा बराच वेळ गप्प होता. थोड्या वेळाने लोहाराच्या भात्यासारखा फस्-फस् आवाज डोक्यावरून गेला. मोठा धनेश होता. तो झाडावर थांबला नाही, पण त्याच्या पंखांचा तो आवाज आजही कानात आहे.

शेकरू दोन आली आणि शेंड्यावरच उलटी लटकून खात राहिली. वर खाणारे जितके सांडतात तितके खाली कोणीतरी वेचत असते. आठ वाजून गेल्यावर झाडाखालच्या पाचोळ्यातून एक भेकर आले, पडलेली फळे खात पंधरा मिनिटे फिरले आणि वाऱ्याची दिशा बदलताच कुत्र्यासारखे भुंकून निघून गेले. आम्ही जर पायवाटेने चालत फिरलो असतो तर यांपैकी निम्मेही दिसले नसते, याबद्दल मला शंका नाही. लहान मुलांच्या चालीने आणि आवाजाने रान आधीच सावध होते. त्याच मुलांना फळावर आलेल्या झाडासमोर बसवले तर रानच त्यांच्याकडे येते. आईचे गुडघे दुखतात, तरी तिलाही सर्व काही आमच्याइतकेच पाहता आले. मातकट किंवा फिक्या हिरव्या रंगाचे कपडे, बसायला जाड चटई, प्रत्येक मुलाला शक्यतो स्वतंत्र हलकी दुर्बीण आणि आवाज न करणारा खाऊ एवढी तयारी पुरेशी आहे. आम्ही दशम्या नेल्या होत्या; कुरकुरीत खाऊची पाकिटे शिबिरावरच ठेवली.

याच रानातील बारापेडे गुहांविषयी मुलीने वाचले होते आणि तेथे जाण्याचा तिचा फार आग्रह होता. राऊटन यांच्या नावाने ओळखले जाणारे मुक्तपुच्छ वटवाघूळ 1913 साली येथील नमुन्यांवरून शास्त्राला प्रथम ज्ञात झाले आणि त्यानंतर दीर्घकाळ जगात अन्यत्र कोठेही ते सापडलेले नव्हते. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही त्याची नोंद झाली. विश्रांती घेणाऱ्या किंवा पिले असलेल्या वटवाघळांना प्रकाशाचा आणि आवाजाचा मोठा त्रास होतो, म्हणून त्या गुहांकडे सहलीसाठी जाऊ नये, हे तिला समजावून सांगितले. ती नाराज झाली, पण तिने ऐकले. आतल्या गावांबाबतही हेच भान ठेवावे. गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव ही माणसांची जुनी वस्तीची गावे आहेत. लोकांच्या अंगणात कॅमेरे घेऊन शिरणे शोभत नाही.

दुपारी खानापूरमार्गे जांबोटीकडे निघालो आणि संध्याकाळी मामेभावाच्या शेतात तंबू लावला. जागा त्यानेच ठरवली: नाल्याच्या पात्रापासून दूर, वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली नव्हे आणि वारुळापासून तर बरेच अंतर राखून. वाळवी खाण्यासाठी अस्वले वारुळे उकरतात आणि या तालुक्यात अस्वलाच्या हल्ल्याची भीती खरीखुरी आहे. अस्वलाची नजर अधू असते. माणूस अचानक जवळ आला की ते पळण्याऐवजी अंगावर येते. म्हणून अंधारात शेताबाहेर पाऊल टाकायचे झाल्यास बॅटरी लावून, मोठ्याने बोलत, दोघांनी मिळून जावे. मुलांना एकटे सोडू नये. सुगीच्या दिवसांत दांडेलीकडून हत्तीही या बाजूला येतात, त्यामुळे त्या आठवड्यात त्यांचा वावर कोठे आहे याची गावात चौकशी केल्याशिवाय तंबू लावूच नये.

घराच्या अंगणातील चुलीवर तांदळाच्या भाकरी आणि कुळथाचे पिठले झाले. शेतात आम्ही विस्तव पेटवला नाही, कारण जानेवारीतला पाचोळा एका ठिणगीने पेट घेतो. रात्री रातव्याची एकसुरी हाक ऐकत मुले झोपली. एक चूक मात्र माझ्या हातून घडली. केळी आणि गुळाची पिशवी मी तंबूच्या बाहेरच्या आच्छादनाखाली ठेवली होती. दोनच्या सुमारास खसखस ऐकू आली, मुलगी घाबरून उठली, आणि बॅटरीच्या उजेडात पिशवी फाडून केळी खाणारे उदमांजर दिसले. ते निघून गेले, परंतु त्याच्या जागी अस्वल असते तर काय झाले असते या विचाराने मला उरलेली रात्र झोप आली नाही. अन्नाचा कणही तंबूत किंवा तंबूजवळ ठेवू नये. सर्व शिधा बंद गाडीत किंवा यजमानांच्या घरात ठेवावा. पहाटे तंबूचे कापड दवाने निथळत होते आणि थंडी चांगलीच झोंबत होती, त्यामुळे जमिनीवर घालायला जाड अंथरूण आणि प्रत्येकाला कानटोपी अवश्य न्यावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम पाहिला. येथून निघालेली मलप्रभा पूर्वेला 304 किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगमाजवळ कृष्णेला मिळते, तर याच डोंगररांगेतून निघणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात जाऊन मांडवी म्हणून अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांकडे जातो हे मुलाने आजीकडून तीनदा समजून घेतले. वज्रपोहा धबधब्याला आम्ही गेलो नाही. त्या बाजूला जायचे असेल तर वनखात्याकडे परवानगीची आधी चौकशी करावी.

आरोग्याविषयी दोन गोष्टी सांगणे भाग आहे. सर्पदंश झाल्यास आवळून बांधणे, चिरा देणे यात वेळ न दवडता रुग्णाला हालचाल न करू देता थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. नेहमीचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते. या रानातील चापड्यासारख्या सापांवर ते उपयोगी नाही, म्हणून पायात घोट्यापर्यंतचे बूट हाच मुख्य बचाव आहे. दुसरी गोष्ट गोचिडांची. 1957 साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडांमार्फत पसरतो, आणि शेजारच्या सत्तरी व दोडामार्ग तालुक्यांत गेल्या दशकात त्याचे रुग्ण आढळले आहेत. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ, म्हणजे नेमका आपल्या सहलीचा. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनरक्षकांना कळवावे, पाचोळ्यावर थेट बसू नये, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत आणि परतल्यावर सर्वांचे अंग, विशेषतः काखा, कानामागची जागा आणि गुडघ्याची लवण नीट तपासावी.

आम्ही रविवारी रात्री घरी पोहोचताच सर्व कपडे गरम पाण्यात भिजत घातले. मुलाच्या गुडघ्यामागे एक बारीक गोचीड चिकटलेली सापडली. पत्नीने ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली, जागा साबणाने धुतली आणि पुढचे दहा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा ताप पाहून आकडे मुलीच्या पक्ष्यांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिले. ताप आला नाही.