मिनीची चाकं: किलो किती आणि कुठे

जुन्या मिनीला, म्हणजे त्या छोट्या ब्रिटिश मोटारीला, चाकं घ्यायची म्हटलं की गप्पा आधी दिसण्यावर रंगतात, मग 10 इंची की 13 इंची यावर. वजनाचा विषय शेवटी निघतो, आणि तोही अर्धाच: रिम किती किलोची? तो किलो चाकाच्या मध्यापासून किती लांब बसलाय आणि त्याला आवरणारा शॉकॲब्सॉर्बर कितपत जिवंत आहे, हे कुणी विचारत नाही.

1959 ची मिनी साधारण 600 किलोची. इंजिन पुढे आडवं बसवलेलं, त्यामुळे साठ टक्क्यांहून जास्त भार पुढच्या चाकांवर. मागच्या एकेका चाकाच्या वाट्याला उरतात जेमतेम 115-120 किलो. त्यातले 22 किलो सस्पेन्शनच्या खालचे धरू, म्हणजे चाक, टायर, ड्रम, हब आणि आर्मचा थोडा भाग. इथे 4 किलो वाढवले तर काय होतं ते आकड्यांत बघा. टायर आणि सस्पेन्शनचा मिळून ताठपणा मिलिमीटरला 170 न्यूटन धरला, तर चाकाचं थरथरणं सेकंदाला 14 वेळांवरून 13 च्या खाली येतं. शॉकॲब्सॉर्बर तोच, पण चाकावरची त्याची पकड सुमारे 8 टक्क्यांनी ढिली. चाक खड्ड्यातून वर उसळतं, उशिरा खाली येतं, आणि तेवढा वेळ टायरला रस्ता नाही. उखडलेल्या वळणावर मागची बाजू आडवी सरकत उड्या मारते ती यामुळे. दीड टनाच्या सेडानमध्ये हेच 4 किलो जाणवलेही नसते.

मिनीत हे लवकर उघडं पडतं, कारण बहुतेक मिनींत स्प्रिंगच्या जागी रबरी कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचे रबराचे ठोकळे, आहेत: ताठ आणि चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी. म्हातारे कोन दबून गाडी बसलेली असेल, तर महागडी चाकं घेण्याआधी तो खर्च करा. शॉकॲब्सॉर्बर गळत असतील तर तेही आधी. मेलेल्या शॉकॲब्सॉर्बरवर हलकी रिम म्हणजे नुसती हौस.

आता फिरणाऱ्या वजनाचं गणित. वेग वाढवताना चाकाला पुढेही ढकलायचं असतं आणि फिरवायचंही असतं, म्हणून परिघाकडचा किलो जास्त महाग पडतो. 165/70 आर 10 टायरची (165 मिमी रुंद, उंची रुंदीच्या 70 टक्के, रिम 10 इंची) बाहेरची त्रिज्या सुमारे 242 मिमी, रिमच्या कडेची 127. त्या कडेवरचा 1 किलो इंजिनला 1.28 किलोसारखा वाटतो. 13 इंची रिमवर 175/50 टायर असेल तर तोच किलो 1.43 होतो. टायरच्या नक्षीवरचा किलो जवळजवळ दोन, हबजवळचा एकाहून किंचित जास्त. म्हणून हलकी रिम घेऊन तिच्यावर जाड, जड टायर चढवला की कमावलेलं बरंचसं परत जातं. 13 इंची चाकं लावल्यावर गाडी मंद वाटते त्याचं सगळं खापर वजनावर फोडू नका. 145/80 आर 10 चा व्यास सुमारे 486 मिमी, 175/50 आर 13 चा 505. म्हणजे गिअरिंग आपोआप 4 टक्क्यांनी लांब झालं (इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते), आणि 10 इंचीसाठी जुळवलेला स्पीडोमीटर तेवढाच कमी दाखवणार.

स्टेअरिंगचंही तसंच. रुंद चाकांनी स्टेअरिंग जड झालं, खाचेत ओढायला लागलं, ॲक्सिलरेटर दाबल्यावर हातातून निसटायला लागलं, तर पहिला संशय ऑफसेटवर घ्या, म्हणजे रिम हबपासून किती आत-बाहेर बसते त्यावर. 3.5 इंची मूळ रिमच्या जागी बाहेर सरकलेली 6 इंची रिम आली की चाकाची मधली रेषा किंगपिनच्या रेषेपासून, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्यापासून, लांब जाते. हा धक्का वजनापेक्षा मोठा, आणि व्हील बेअरिंगवरचा भारही वाढतो तो इथेच. माझ्या मते रस्त्यावरच्या मिनीला 5 इंच रुंद 10 इंची रिम पुरे. अडचण एकच: 1984 पासूनच्या गाड्यांच्या 8.4 इंची डिस्क 10 इंची चाकात मावत नाहीत, त्यांना निदान 12 इंची लागते. मिनीच्याच वेगवान कूपर एस मॉडेलच्या 7.5 इंची डिस्क मावतात.

‘अलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम) म्हणजे हलकं’ हे गृहीत धरू नका. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी असली तरी ओतीव रिमच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात, शिवाय मूळ पोलादी रिम अरुंद असते. सामान तोलायचा लटकता काटा घ्या. रिम वेगळी, टायर वेगळा तोला. जुन्या मॅग्नेशियमच्या मिनिलाइट ब्रँडच्या रिम खरोखर हलक्या, पण रंग उडालेल्या जागी गंज आत शिरतो आणि बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत. चिरांत झिरपणारं रंगद्रव्य लावून तपासल्याशिवाय त्या वापरू नयेत. ब्रिटनच्या हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर तर मुळीच नाही.

बसवताना घात होतो तो नटांत. पोलादी रिमचे नट अलॉयला चालत नाहीत. काही रिमना शंकूचे, मिनिलाइट पद्धतीच्या रिमना नळीसारखे लागतात. नळी भोकात सहज शिरायला हवी, आणि स्टडचे (हबवरच्या आटे असलेल्या खुंटांचे) पुरेसे आटे नटात यायला हवेत. नट 3/8 यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे), टॉर्क साधारण 60 न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचनेच. 50-80 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, कारण रंगाचा थर दबतो.

बॅलन्सिंगवाल्याला आधीच सांगा की मिनीचं चाक मधल्या भोकावर नव्हे, चार स्टडवर केंद्रित होतं. त्याने मधल्या भोकात नुसता मशीनचा शंकू घालून फिरवलं तर मशीन शून्य दाखवेल आणि गाडी थरथरेलच. 20 ग्रॅमची चूक 10 इंची रिमच्या कडेवर, ताशी 100 किमीला, सुमारे 33 न्यूटनचा झटका देते, चाकाच्या प्रत्येक फेरीला. स्टडच्या भोकांत बसणारा चार बोटांचा ॲडॅप्टर नसेल तर दुसरं दुकान गाठा.

तुलना करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदला. टायर तोच ठेवून रिम बदला, हवा थंड असताना भरा (145 टायरला पुढे 28, मागे 26 पीएसआय), त्याच रस्त्यावर त्याच वेगाने फिरवा. हलक्या चाकांनंतर मागचे ॲडजस्टेबल शॉकॲब्सॉर्बर एक-दोन टप्पे सैल करून पाहा. जड चाकांसाठी कसलेली सेटिंग तशीच राहिली तर गाडी उगाच कडक लागते, आणि लोक नव्या रिमला नावं ठेवतात.