आईच्या लुगड्यांची वाकळ : 60 पैकी 52 फेऱ्या

मागची नोंद जूनमधली, तेव्हा सातवी फेरी चालू होती. आणि आता एकदम जानेवारी संपत आल्यावर लिहितेय. मधे घरात बरंच काही झालं ते सांगतेच, पण आधी वाकळेचं. आज सकाळी चहाच्या आधी 52 वी फेरी बंद केली. आता मधे उरलीय फक्त एक लांबट चौकट, तेवढी सोडली तर सगळी वाकळ टाक्यांनी भरलीय, हात फिरवला की अंगावर काटा येतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते. आईची चार लुगडी, दोन इरकल आणि दोन रोजची सुती, आणि सासऱ्यांचं एक धोतर, एवढ्या कपड्यात 7 फूट बाय 5 फूट वाकळ. कापूस नाही, फोम नाही, मशीन नाही. नुसता धावदोरा, कडेपासून सुरू करून गोल गोल आत यायचं, दोन फेऱ्यांत अर्धा इंच. काही जणी विचारतात दोरा किती लागतो, वेळ किती लागतो, तर मी वहीत गणित मांडलंय. अर्ध्या इंचाच्या हिशोबाने 60 फेऱ्या होतात, सगळ्या मिळून साधारण 840 फूट शिवण. इंचाला तीन टाके धरले तर तीस हजार टाके! माझा हात तासाला 10 फूट चालतो म्हणजे 84 तास. दोरा मी 8 नंबरचा पर्ल कॉटन वापरते, 80 मीटरचे चार गोळे आणून ठेवले होते, साडेतीन लागतील असं दिसतंय.

अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. पहिली फेरी 24 फुटांची असते आणि पुढची प्रत्येक फेरी चार इंचांनी कमी होते, त्यामुळे पहिल्या 15 फेऱ्यांतच जवळजवळ चाळीस टक्के काम झालेलं असतं. तिसावी फेरी झाली म्हणजे अर्धं नाही, दोन तृतीयांश संपलं. तेव्हा ज्या दहाव्या-बाराव्या फेरीला कंटाळून वाकळ माळ्यावर टाकतात त्यांनी कृपा करून टाकू नका, सगळ्यात अवघड तेच असतं आणि ते तुमचं होऊन गेलेलं असतं.

आता जूननंतरचं. लेक सातव्या महिन्यात पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, डोहाळजेवण झालं, ऑगस्टमध्ये बाळ झालं, मुलगा. मग काय, सुई हातात घ्यायची ती दुपट्यांसाठीच. बारा दुपटी शिवली. सगळी माझ्या जुन्या कॉटनच्या साड्यांची, कारण दहा-पंधरा वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडासारखं बाळाच्या अंगाला दुसरं काही नाही. लेकीने ऑनलाईन मागवलेली दोन छान रंगीत ब्लँकेटं होती, दिसायला गोड, पण पोरगं त्यात घामेजून रडायचं आणि दुपट्यात गुंडाळलं की शांत. बाळाच्या दुपट्याला तीन थर पुरतात, टाके जवळ जवळ घ्यायचे आणि गाठ आत दडवायची, बाहेर ठेवली तर पाठीला टोचते.

ह्या सगळ्यात आमच्या ह्यांची मदत सांगायलाच हवी. तेहतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली त्यांनी, हात अगदी नेमका. रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष घरात नुसतं येरझाऱ्या घालणं चालू होतं. आता रोज सकाळी पेपर वाचून झाला की वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवतात, दोऱ्याला मेण लावून. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नेढं दिसायला त्रास होतो, त्यामुळे ही वीस सुयांची उशी म्हणजे माझा दिवसभराचा शिधा आहे. बाळ झालं तेव्हा दुपट्यांचे तुकडे पण त्यांनीच कापले, पट्टी लावून, एक सूतही इकडे तिकडे नाही.

नुकसान झालं ते सप्टेंबरमधे. बाराव्या फेरीपासून एका बाजूला चुण्या पडायला लागल्या आणि सुई जाईना, जोर लावला की कट् असा आवाज. मला वाटलं माझाच टाका ओढला जातोय. आमच्यातली इचलकरंजीची मैत्रीण आली, तिच्या सासरी माग होते, तिने नुसतं बोटात धरून सांगितलं, "अगं हे सुती नाही." झालं असं होतं की एक थर कमी पडत होता म्हणून मी कपाटातली एक जुनी साडी आत घातली होती, विकताना दुकानदाराने प्युअर कॉटन सांगितलेली. कडेचा दोरा काढून काडीने पेटवला. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख बोटात मऊ चुरते, हा आक्रसला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. पॉलिस्टर मिसळलेलं. नऊ फेऱ्या उसवल्या, चौघींनी मिळून, एक अख्खा दिवस. त्या जागी सासऱ्यांचं धोतर गेलं. तेव्हापासून माझा नियम, कोणतंही कापड आत जाण्याआधी एक दोरा जाळून बघायचा, मग ते आईचं असो की बाजारचं.

आणि इरकलीचा लाल पदर आधी वेगळा भिजवून घ्या. मी तीनदा मिठाच्या पाण्यात घातला तरी रंग सुटत होता, चौथ्या पाण्याला थांबला. घाई केली असती तर धोतर गुलाबी झालं असतं.

चौघी म्हणजे कोण ते सांगते. मी कोल्हापूरची, एक इचलकरंजीची, एक निपाणीची आणि एक गडहिंग्लजची. शाळेत नोकरीला होतो सगळ्या, वेगवेगळ्या गावांत, ट्रेनिंगला ओळख झाली ती आजपर्यंत. रिटायर झाल्यावर ठरवलं, महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार एकीच्या घरी, आपापली सुई-दोरा आणि एक एक पदार्थ घेऊन. वाकळ मधे पसरायची आणि चार बाजूंना चौघी बसायच्या. फ्रेम लागत नाही हेच आपल्या वाकळेचं मोठं सुख, मांडी हीच फ्रेम. गडहिंग्लजच्या ताई आमच्यात मोठ्या, गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून आम्ही दिवाणावर वाकळ टाकतो आणि त्या खुर्चीवर, बाकी तिघी दिवाणाच्या कडेला. त्यांचा टाका आमच्या सगळ्यांपेक्षा बारीक. नीट बघितलं तर वाकळेच्या कुठल्या बाजूला कोण बसलं होतं ते टाक्यावरून ओळखू येतं, निपाणीकरणीचा टाका जरा तिरका चालतो, आणि मी तो एकदाही उसवलेला नाही, उसवणारही नाही.

आता सहलीचं, ज्याच्यासाठी खरं तर ही नोंद लिहायला बसले.

नोव्हेंबरच्या शेवटी लेक बाळाला घेऊन पुण्याला गेली. घर एकदम रिकामं झालं, दोन दिवस मला सुचेना. तेव्हा निपाणीची म्हणाली, चल, किती वर्षं हल्याळ हल्याळ करतोय, आता जाऊच. हल्याळ म्हणजे कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात. तिथे आणि यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आणलेले, बरेचसे पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून, तिथून सुटून जंगलात आले. 2003 साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. 2004 मध्ये हेन्री ड्रूअल नावाच्या अमेरिकन कला-अभ्यासकांच्या मदतीने तिथल्या बायकांची गोधड्यांची सहकारी संस्था उभी राहिली, तेव्हापासून ही कवंदं परदेशात प्रदर्शनांत गेली. मी फोटो बघितले होते, पण फोटोत टाका कळत नाही.

कोल्हापूर ते बेळगाव एसटीने, रात्री निपाणीकरणीच्या बहिणीकडे मुक्काम, कुंदा खाल्ला, पहाटे तिच्या भाच्याच्या गाडीने खानापूर, नंदगड करत हल्याळ. नंदगडला संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीपाशी पाच मिनिटं थांबलो. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली, आणि तेव्हाच लक्षात आलं की आपण भलत्या वेळी आलो. सुगीचे दिवस, सगळ्या बाया शेतावर. सकाळचे दहा ते दुपारचे चार एका घराच्या ओट्यावर बसून राहिलो. जाणार असाल तर सुगी आटोपल्यावर जा, आणि ओळखीचं माणूस घेऊन जा, असं कुणाच्याही अंगणात जाऊन फोटो काढायला लागू नका.

चार वाजता घरच्या आजी आल्या. पायाला चिखल, डोक्यावर भारा. आम्हाला बघून हसल्या, हात-पाय धुतले, आम्हाला चहा दिला आणि मग स्वतः प्यायल्या. भाषेची अडचण येईल वाटलं होतं, पण त्या कोकणी आणि मराठी मिसळून बोलत होत्या, नव्वद टक्के कळत होतं. गडहिंग्लजच्या ताईंनी आपलं दुपटं दाखवलं, आजींनी ते उलटं करून बघितलं. पहिलं उलटंच! मग म्हणाल्या, "बरा हाय हात." त्यानंतर आतून कवंद आणलं.

आपल्यापेक्षा वेगळं काय ते सांगते. आपण आधी वरचा थर जोडून घेतो, मग खाली थर लावतो आणि मग टाके. त्या तसं करत नाहीत. खाली साडी पसरायची, एका कोपऱ्यापासून कड दुमडत सुरू करायचं आणि तुकडे टाके घालता घालताच ठेवत जायचे, कडा सुईच्या टोकाने आत ढकलत. आधी काही आखलेलं नाही, टाचण्या नाहीत. शेजारी चिंध्यांचं बोचकं, हात घालायचा, रंग बघायचा, ठेवायचा. मोठ्या तुकड्यांवर मधे मधे छोटे झगझगीत चौकोन लावतात, त्यांना टिकेली म्हणतात, आपली टिकलीच! आणि चारी कोपऱ्यांना फूल. चौकोनी तुकडे दुमडून दुमडून केलेले त्रिकोण, एकावर एक, रंग बदलत. मी विचारलं, फूल नाही लावलं तर? आजी म्हणाल्या, "मग ती उघडी दिसते गो." मला त्या क्षणी माझी वाकळ आठवली, कोपरे तसेच मोकळे.

फूल शिकायला मला तीन वेळा करून बघावं लागलं. दुमड कापडाच्या आडव्या-उभ्या धाग्यावरच बसली पाहिजे, तिरकी झाली की टोक ओघळतं. आणि सगळ्यात वरचा तुकडा सगळ्यात लहान. टाका टोकापासून अर्धा इंच आत थांबवायचा म्हणजे टोक मोकळं राहून हलतं.

आम्ही त्यांच्याकडून बाळाचं एक छोटं कवंद घेतलं. त्यांनी जी किंमत सांगितली ती दिली. किती तास जातात ते आपल्याला माहीत असताना आपण घासाघीस करायची नाही, हे माझं ठाम मत आहे.

निघताना इचलकरंजीच्या मैत्रिणीने विचारलं, शेवटी मधे काय करता, बंद कसं करता. आजींनी सांगितलं की पोट शिवायच्या आधी आत काहीतरी खायचं ठेवायचं, रिकाम्या पोटी बंद करायची नाही. आम्ही चौघी एकमेकींकडे बघतच राहिलो. कारण माझी आजी हेच करायची. दसऱ्याच्या आधी सगळ्या वाकळा नदीवर धुवून आल्या की जुन्यांची डागडुजी आणि एखादी नवी, आणि नवीच्या पोटात भाकरीचा कोरडा तुकडा आणि चार दाणे. "वाकळ उपाशी ऱ्हायली तर पांघरणाऱ्याला झोप लागत न्हाई," म्हणायची. आई पण करायची. मी मात्र आजवरच्या पाच वाकळांत एकदाही केलं नाही, विसरूनच गेले होते, आणि ते मला आठवलं दोनशे किलोमीटर लांब, एका ओट्यावर. परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

आल्यावर पहिलं काम कोपऱ्यांना फुलं लावली. इरकलीच्या पदराचा लाल, धोतराचा पांढरा आणि आईच्या रोजच्या लुगड्याचा हिरवा. ह्यांनी तुकडे कापून दिले. फूल आपलं नाही, आजींकडून शिकलेलं आहे, हे वाकळ बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, तुम्हीही लावलंत तर सांगा.

डिसेंबर-जानेवारीत रोज दुपारी दीड तास बसत गेले, खिडकीशी, दुपारी दोन ते साडेतीन तिथे उजेड चांगला असतो, आणि 52 पर्यंत पोचले. राहिलेल्या आठ फेऱ्या म्हणजे 44 फूट, चार-साडेचार तासांचं काम. तीन दिवसांत उरकेल. पण मुद्दाम ठेवलंय. फेब्रुवारीत बाळाला सहा महिने पूर्ण होतात, उष्टावण आमच्याकडे आहे, मामा म्हणजे आमचा मुलगा बंगळुरूहून येतोय घास भरवायला. त्याच्या आदल्या दिवशी तिघी मैत्रिणी येतील, सात फेऱ्या चौघी मिळून संपवू, आणि शेवटची बाळाचं उष्टावण झाल्यावर. त्याच्या वाटीतला भात वाळवून ठेवता येईल का असं लेक विचारत होती, मी म्हटलं ओला नको, बुरशी येते, दाणे कच्चेच टाकू आणि भाकरीचा तुकडा. भाकरी कालच केलीय, ज्वारीची, पातळ. तव्यावर कडक करून डब्यात ठेवलीय.