तुम्ही विचारलंत म्हणून: ती माशी गोव्यात का सोडत नाहीत?

मी कीटकशास्त्र शिकवतो हे कळलं की हल्ली लोक फोन काढून व्हिडिओ दाखवतात. मुंगीचं डोकं उडवणारी माशी! "सर, मुंग्यांवर उपाय म्हणून ही आमच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, सोडली तर?" फोंड्याच्या बाजारात नारळ निवडतानाही हाच प्रश्न आला.

व्हिडिओ खरा आहे. ती सुडॅक्टिऑन, जेमतेम एक-दीड मिलिमीटरची. मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिथलीच अग्निमुंगी १९३०च्या दशकात जहाजांतून अलाबामात उतरली आणि अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं व्यापून बसली. तिला आवरायला मागून १९९७ मध्ये फ्लोरिडात या माश्या सोडल्या. मादी घिरट्या घालते, क्षणभर झेपावते आणि मुंगीच्या छातीत अंडं टोचते. अळी सरकत डोक्यात जाते. मुंगी काही आठवडे रोजची कामं करत राहते. मग अळी आतले सांधे सैल करते, डोकं गळून पडतं, आणि त्या रिकाम्या कवटीतच ती कोष करते. तयार झालेली माशी बाहेर येते ती मुंगीच्या तोंडातून. बघून अंगावर शहारा येतो, कबूल.

पण अशा मरतात त्या वारुळातल्या मूठभरच. माशीचा खरा मारा भीतीचा. ती दिसली की कामकरी मुंग्या अन्न टाकून बिळात शिरतात, नाहीतर अंग आखडून जागीच थिजतात. तेवढ्यात स्थानिक मुंग्यांनी ते अन्न पळवावं, असा सगळा हिशेब. इतकं करूनही अमेरिकेतून अग्निमुंगी गेलेली नाही.

शिवाय माशी भलती चोखंदळ. एक जात छोट्या मुंग्यांवर जाते, दुसरी मोठ्यांवर. आपल्याकडे जमिनीत वारूळ करून कडकडून डसणारी लाल मुंगी ही त्या अग्निमुंगीची चुलत बहीण. तीही अमेरिका खंडातूनच आलेली, पण जात वेगळी. आणि तक्रार घेऊन येणारे पुष्कळदा दाखवतात ते हुमले! पानं शिवून झाडावर घरटं करतात ते. ते इथलेच, आणि काजूच्या मोहोरावरचे ढेकण्या किडे खातात. त्यांच्यावर औषध मारू नका हो.

जास्वंदीवर मुंग्यांची रांग असेल तर आधी पान उलटून पाहा. देठाशी कापसासारखे पिठ्या ढेकूण असतात, मुंग्या त्यांच्या गोड रसासाठी येतात. ओल्या फडक्याने पुसलेत तर रांग बरीच विरळ होते.

परका कीटक आणूच नये असं मात्र मी म्हणत नाही. पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून एक बारीकशी गांधीलमाशी भारतात आणली आणि तिने काम चोख केलं. पण तिथे शत्रू कोण ते आधी पक्कं झालं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी व्हिडिओ नको, चार मुंग्या बाटलीत घालून आणा. स्पिरिट नसेल तर फेणी चालते. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची सौम्य दारू, नको; तिच्यात मुंग्या कुजतात.