बॅलन्सर निवडताना मी काय काय तपासलं

माझं इंजिन सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं डिझेल. इंजेक्टर मोठे घातले, टर्बो बदलला, इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगा कडक केल्या. पूर्वी 2,700 आरपीएमला अडणारं इंजिन 3,500 पर्यंत चढायला लागलं. पण 2,900 च्या आसपास पायाखालच्या पत्र्यातून बारीक झिणझिण यायची आणि तो टप्पा ओलांडला की गायब व्हायची. पुढे बेल्टच्या कडेचे दोरे सुटले, अल्टरनेटरचा ब्रॅकेट वाजू लागला.

शेवटी क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या टोकावरचा बॅलन्सर चिंधीने नीट पुसून बघितला. मधला हब आणि बाहेरचं जड कडं यांच्यामधल्या रबराला भेगा पडलेल्या. नख घातलं तर तुकडाच निघून आला. दोन्हींवरच्या खुणेच्या रेघा समोरासमोर हव्यात; माझं कडं चांगलं चार मिलिमीटर सरकलेलं होतं.

‘बॅलन्सर’ या नावाने माझी दिशाभूलच केली होती. काही इंजिनांत त्याला वेगळं वजन असतं आणि तो खरोखर तोल सांभाळतो, पण माझ्या इंजिनात त्याचं काम क्रँकला पडणारा पीळ शमवणं एवढंच; म्हणून त्याला डॅम्परही म्हणतात. प्रत्येक स्फोटासरशी क्रँक किंचित पिळतो आणि पुन्हा सुटतो. झोक्याला नेमक्या वेळी हात लावत राहिलं की तो चढतच जातो, तसंच ठरावीक वेगावर या पिळाचं होतं. सहा सिलिंडरचा क्रँक लांब, म्हणून त्याला धोका जास्त. दुर्लक्ष केलं तर बोल्ट ढिले होतात, शेवटी क्रँकच तुटतो.

डॅम्परऐवजी साधी भरीव पुली लाव, वजन वाचेल, असंही मला सुचवलं गेलं. ते मी ठामपणे नाकारलं. नवा रबरवाला घेणं सोपं होतं, पण कंपनीने रबर जुळवलेलं असतं मूळ इंजिनाच्या कंपनासाठी. माझा दाब, वेग आणि फ्लायव्हील, तिन्ही बदललेले. सिलिकॉन भरलेल्या डॅम्परमध्ये बंद डब्यात जड कडं घट्ट द्रवात मोकळं फिरतं. पीळ त्या द्रवात घासला जाऊन त्याची उष्णता होते. एका ठरावीक वेगापुरतं ते बांधलेलं नसतं, म्हणून मी तो निवडला. एसएफआय 18.1 हे शर्यतीच्या गाड्यांच्या डॅम्परसाठीचं सुरक्षेचं प्रमाणपत्रही बघून घेतलं, कारण इतक्या वेगात बाहेरचा भाग फुटला तर समोरच्या माणसाच्या जिवावर बेतेल.

ऑर्डर देण्याआधी बोल्टची भोकं, पुलीच्या खाचांची रेषा आणि सेन्सरच्या दातांची जागा मोजली. जाडी मोजायची मात्र राहिली, आणि पंख्याचं अंतर बोटभरही उरेना. पंख्याचा स्पेसर बदलला तेव्हा काम पुढे सरकलं.

बसवताना हातोडी जवळही ठेवली नाही. डब्याला पोचा पडला तर आतलं कडं अडकतं आणि डॅम्पर निकामी होतो, बाहेरून मात्र काही दिसत नाही. नवे बोल्ट, टॉर्क रेंच, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने घेत टप्प्याटप्प्याने आवळले.

आता 2,900 वरून सुई सरळ पुढे जाते, पायाला काही जाणवत नाही. ब्रॅकेट मात्र अजून वाजत होता. काढून बघितला, तर आधीच्या थरथरीने त्याला बोल्टच्या भोकाच्या कानाजवळ केसाएवढी चीर गेली होती. तो वेल्ड न करता नवाच बसवला.