खाऊच्या डब्याची फळी

किशोरवयीन मुले मधल्या वेळी अरबटचरबट खातात, अशी तक्रार करताना आपण बहुधा त्यांच्या जिभेला दोष देतो. मला मात्र आधी त्यांच्या घराकडे पाहावेसे वाटते. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय किशोरावस्थेचे मानते. या वर्षांत शरीर झपाट्याने वाढत असल्याने भूक खरीच असते, आणि ती पुष्कळदा घरात कोणी नसताना किंवा स्वयंपाक व्हायचा असताना लागते. तेव्हा हाताला लागेल ते पोटात जाते, आणि हाताला काय लागणार हे आईवडिलांच्या कामाच्या वेळांनी, शिक्षणाने आणि उत्पन्नाने बरेचसे आधीच ठरवलेले असते.

यातली उत्पन्नाची बाजू आपण फार वरवर पाहतो. नवी चव मुलांच्या अंगवळणी पडायला तोच पदार्थ अनेकदा, कधी आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही अधिक, पुढे ठेवावा लागतो. उष्टे टाकून दिलेले फळ ज्या घराच्या खिशाला जाणवत नाही तिथे हे परवडते. जिथे घास न् घास मोजलेला असतो, तिथे मूल नक्की खाईल तेच आणणे हा आईचा अडाणीपणा नसून हिशेब असतो. शिवाय नवे बूट, सहल, फोन अशा प्रत्येक मागणीला ‘नाही’ म्हणावे लागणाऱ्या पालकांना ‘हो’ म्हणता येण्याजोगे फारसे काही उरत नाही. खाऊचे पाकीट मात्र उरते. त्यावरून त्यांना उपदेश करण्याचा अधिकार सुस्थितीतल्या लोकांना (त्यात मीही आले) कुठून मिळतो, हे मला कळत नाही.

आमच्यासारख्या घरांची चूक वेगळी असते. जेनिफर फिशर आणि लीअ‍ॅन बर्च या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, समोर दिसणाऱ्या पण मनाई असलेल्या खाऊकडेच मुलांचे लक्ष अधिक लागले होते. ती मुले लहान होती, हे खरे. परंतु हीच ओढ हाती स्वतःचे पैसे येईपर्यंत मुरत राहिली तर काय होते, ते मी अनुभवले आहे. आमच्याकडे खाऊचा डबा कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर असे. कमावती होऊन इतकी वर्षे झाली, तरी बाहेर घेतलेला खाऊ मी अजूनही घरी पोहोचण्याआधी संपवते आणि रिकामे पाकीट वाटेतच टाकून देते.