दीक्षा देणारा कोण?

गेल्या महिन्यात उत्तर नागपुरातल्या एका घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे मृताच्या स्मरणाचा बौद्ध विधी होता. टेबलावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि पंख्याच्या वाऱ्याने मेणबत्त्या पुन्हा पुन्हा विझत होत्या, म्हणून अखेर कोणीतरी पंखाच बंद केला. ऐंशी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी दारातूनच विचारले, "भंतेजी नाही येऊन राहिले का वं?" टेबलाशेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिका बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मीच घेऊन राहिली काकाजी, बसा तुम्ही." काकाजी बसले, पण भिंतीशी, जरा दूरच. बाईंच्या मांडीवर हिशेबाची एक जुनी वही होती. तीत निळ्या शाईने गाथा उतरवलेल्या होत्या आणि पाली उच्चार जिथे अडखळतो, तिथे शब्दाखाली लाल रेघ होती.

धर्मस्वातंत्र्य म्हटले की आपल्याला धर्म स्वीकारण्याचे आणि सोडण्याचे स्वातंत्र्य आठवते. विधी चालवण्याचा, दीक्षा देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न सहसा मागे राहतो. मराठीत 'दीक्षा' हा एकच शब्द धर्मात येणाऱ्यासाठीही चालतो आणि धर्मगुरू होणाऱ्यासाठीही, त्यामुळे हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळून जातात.

१९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात कधीच न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी हा दुसरा प्रश्न थेट हाती घेतला होता. पुरोहितपण शक्यतो संपवावे आणि ते जमत नसेल तर निदान ते वंशपरंपरेने चालू नये. हिंदू म्हणवणाऱ्या कोणालाही पुरोहित होता यावे, पण त्याने सरकारने ठरवलेली परीक्षा उत्तीर्ण होऊन सनद घेतली पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. वकिलाला सनद लागते, मग पुरोहिताला का नको, हे मला पटते. तरीही सरकारच्या हाती धर्मगुरूंची परीक्षा देण्याच्या कल्पनेने मी थोडा बिचकतो, कारण आज परीक्षा घेणारे सरकार उद्या अभ्यासक्रमही ठरवू लागेल.

पुढे संविधानाने अनुच्छेद २५ मध्ये व्यक्तीला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले, तर अनुच्छेद २६ मध्ये धार्मिक संप्रदायांना धर्मविषयक बाबींत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क दिला. म्हणजे संप्रदायाने एखाद्याला गुरुपद नाकारले, तर ते नाकारणेही पुष्कळदा त्याच स्वातंत्र्याच्या आडोशाला उभे राहते. न्यायालयांनी यातून काही वाट काढली आहे. तामिळनाडूतील अर्चकांची, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांची, वंशपरंपरा मोडणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली वैध ठरवला, मात्र आगमांनी, म्हणजे मंदिरपूजेच्या शास्त्रग्रंथांनी, सांगितलेली पात्रता कायम ठेवली. केरळातील एका शिवमंदिरात प्रशिक्षित ब्राह्मणेतर पुजारी नेमणे २००२ साली योग्य ठरवले. कायदा यापलीकडे फारसा जाऊ शकत नाही, आणि त्याने जाऊ नये असेच मला वाटते.

आमच्या शहरात याची दोन रूपे हाकेच्या अंतरावर आहेत. ज्या सेमिनरीमुळे सेमिनरी हिल्स हे नाव पडले, तिथे कॅथलिक धर्मगुरू घडतात आणि ते सगळे पुरुषच असतात. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि त्या चर्चमध्ये पुढे स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळू लागली. दोन्हीकडचा निर्णय सरकारचा नव्हे, त्या त्या मंडळींचा आहे.

थेरवादी बौद्धांतही हे दार सताड उघडे नाही. भिक्खुणींची उपसंपदा, म्हणजे संघातली पूर्ण दीक्षा देण्याची परंपरा, शतकानुशतके खंडित होती. १९९६ साली सारनाथला आणि १९९८ साली बोधगयेला ती पुन्हा सुरू करण्यात आली, तरी अनेक भिक्खुसंघ ती अजूनही मानत नाहीत. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीवरचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी ज्येष्ठ भिक्खू महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण, पंचशील घेतले. त्यानंतर मात्र जमलेल्या लाखो लोकांना भिक्खूचे चीवर न घातलेल्या बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञांसह. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात तर त्यांनी दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला असल्याचे सांगितले. वीस वर्षांपूर्वी जे सरकारच्या सनदेवर सोपवावे असे त्यांनी लिहिले होते, ते इथे त्यांनी सनदेविना सगळ्यांच्या हाती देऊन टाकले. बौद्धाचार्यांनी, म्हणजे विधी चालवणाऱ्या गृहस्थ उपासकांनी, लावलेली लग्ने आता आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहेत की यात काही विलक्षण घडले होते, हेच आपण विसरतो.

काकाजीही विसरले असावेत. जेवताना त्यांनी सांगितले की त्या दिवशी वडिलांसोबत ते मैदानात होते. वय चौदा, आणि अंगातला पांढरा सदरा शेजाऱ्याकडून मागून आणलेला. म्हणजे त्यांची स्वतःची दीक्षा भंतेजींच्या नव्हे, एका उपासकाच्या तोंडून झाली होती. मी हे बोलून दाखवले, तेव्हा ते वरणात भात कालवत नुसते "हो न" म्हणाले.

निघताना ते बाईंपाशी थांबले. "पाचव्या शीलात 'पमादठाणा' म्हणून राहिल्या तुम्ही. 'पमादट्ठाना' आहे ते." बाईंनी पिशवीतून वही पुन्हा बाहेर काढली आणि लाल पेन कोणाकडे आहे का, असे विचारले.